बोट लागली नाही, जमीन लागली: प्रवास संपून १९ दिवस झाले, हेलकावे थांबत नाहीत

निळाई
नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही तिघी सात दिवसांचा समुद्रप्रवास करून परतलो. प्रवासात मला काहीच त्रास झाला नाही. बरोबरच्या दोघींना पहिले दोन दिवस चांगलीच बोट लागली होती, मी मात्र डेकवर मजेत फिरत होते. उतरून धक्क्यावर पाऊल टाकलं तेव्हा जमीन किंचित डुलल्यासारखी वाटली आणि आम्ही एकमेकींना धरून हसलो. त्या दोघींचं दुसऱ्या दिवशी थांबलं. माझं थांबलं नाही. आज १९वा दिवस.

ही चक्कर नाही, हे आधीच सांगते. खोली गरगर फिरत नाही, वस्तू जागच्या जागी दिसतात. डुलते ती मी. उभी असले की पुढे-मागे, आडवी झाले की गादीखालून लाट सरकल्यासारखी. चालताना पाय कशावर तरी मऊ पडताहेत असं वाटतं. आरशासमोर उभी राहून पाहिलं, मी जराही हलत नसते. केस धुताना डोळे मिटले की भिंतीला हात लावावाच लागतो.

दोन डॉक्टर झाले. रक्तदाब, साखर, ऐकण्याची तपासणी, सगळं ठीक. दुसऱ्यांनी कागदावरून मान वर न करता “टेन्शन घेऊ नका” एवढंच सांगितलं. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले.

एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली नाही, कारण ती ऐकून त्यांना मी मनाचंच काही सांगतेय असं वाटलं असतं. गाडीत बसलं की हे थांबतं. पूर्ण थांबतं. सिग्नलला गाडी उभी राहिली की पुन्हा सुरू. काल संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, कुठे जायचं नाही, नुसतं अर्धा तास फिरवून आण. तो अर्धा तास मी अगदी पूर्वीची होते.

कुणाला असं झालंय का?

भिंगरी
मला झालं होतं, पण दीडच दिवस. खुर्चीत बसलं की खुर्ची हळूच उचलली जातेय असं वाटायचं. मग आपोआप गेलं. १९ दिवस म्हणजे फारच झाले. काळजी घ्या.

दर्यावर्दी
मी जहाजावर इंजिनीअर आहे, २२ वर्षं झाली. चार-पाच महिन्यांनी घरी उतरलो की पहिली रात्र आम्हा सगळ्यांची अशीच जाते. न्हाणीघरात डोळ्यांवर पाणी घेतलं की भिंत शोधायची, अरुंद बोळातून जाताना खांदा आपोआप एका बाजूला झुकवायचा. घरचे विचारतात, असा पाय फाकून का चालतोस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीराला जमीन पटते आणि विषय संपतो.

त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं, आकडा सोडून. इतके दिवस टिकलेलं मी फक्त एकाचं ऐकलंय, आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचं. त्याला जवळजवळ दोन महिने लागले होते. तो पुढच्या जहाजावर चढला आणि म्हणाला, आता बरं वाटतंय. तेव्हा आम्हाला ते विचित्र वाटलं होतं. काट्याने काटा निघत असेल तर एखादी छोटी बोटफेरी करून बघायला हरकत नसावी. जाणकार सांगतीलच.

सरळरेघ
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तपासण्या ठीक आहेत म्हणजे डॉक्टर म्हणतात त्यात तथ्य असू शकेल. माझ्या भावाला परीक्षेच्या दिवसांत असंच तरंगल्यासारखं व्हायचं. लक्ष जितकं तिकडे द्याल तितकं ते वाढेल. श्वासाचे व्यायाम आणि पुरेशी झोप, एवढं महिनाभर करून पाहा.

कर्णपथ
निळाई, जे वाक्य तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाहीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुढच्या वेळी दारातून आत गेल्या गेल्या तिथूनच सुरुवात करा.

मी कान-नाक-घसा विभागात काम करते, चक्कर आणि तोल हा माझा रोजचा विषय. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते इथे करणार नाही. पण तुम्ही सांगताय त्या अवस्थेला नाव आहे. फ्रेंचमध्ये तिला “माल द देबार्कमाँ” म्हणतात, म्हणजे जहाजातून उतरल्यावरचं आजारपण. आम्ही एमडीडीएस म्हणतो. लॉस एंजेलिसच्या ब्राउन आणि बलोह या डॉक्टरांनी १९८७ साली अशा सहा रुग्णांचं नीट वर्णन केलं. तोल आणि चक्कर यांवर काम करणाऱ्या बारानी सोसायटीने २०२० साली निकषही ठरवून दिले. प्रवास संपल्यापासून ४८ तासांच्या आत डुलणं सुरू होतं, दिवसातला बहुतेक वेळ राहतं, ४८ तासांहून जास्त टिकतं, आणि वाहनात बसलं की तेवढ्यापुरतं कमी होतं. हे शेवटचं लक्षण इतर कारणांच्या चकरांमध्ये सहसा सापडत नाही. त्यांच्यात वाहन उलट जास्त त्रास देतं.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण ते कळलं की भीती बरीच उतरते, असा माझा रुग्णांबाबतचा अनुभव आहे.

प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोकं कसं वळलं ते सांगतात. शिवाय दोन बारीक पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात, ते सरळ रेषेतली हालचाल आणि खाली-वर कुठे आहे ते सांगतात. जहाजावर ही सगळी माहिती हेलकावत येते, डोळे मात्र केबिनच्या भिंती स्थिर आहेत म्हणून सांगतात. या भांडणातून मळमळ होते, ते बोट लागणं. दोन-तीन दिवसांत मेंदू लाटेचा ठेका शिकतो. पुढची लाट यायच्या आधीच तिची वजाबाकी मांडून ठेवतो, म्हणून मग डेकवर मजेत फिरता येतं. तुमचा मेंदू हे पहिल्याच दिवशी शिकला.

जमिनीवर लाट येत नाही. वजाबाकी मात्र चालूच राहते. जे उरतं ते तुम्हाला डुलणं म्हणून जाणवतं. गाडी सुरू झाली की वजा करायला पुन्हा काहीतरी मिळतं.

बहुतेकांचा मेंदू हा ठेका काही तासांत सोडतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली नौदलाच्या एका पाहणीत २३४ खलाशांपैकी ७२ टक्क्यांना उतरल्यावर हे जाणवलं होतं, म्हणजे दर्यावर्दी सांगतात तो अनुभव अगदी सर्वसाधारण आहे. थोड्या लोकांचा मेंदू मात्र त्या ठेक्यात अडकून बसतो. त्यांत स्त्रिया खूप जास्त, विशेषतः चाळिशी-पन्नाशीतल्या, आणि अर्धशिशीचा त्रास असणाऱ्याही बऱ्याच. बिघाड कानात नसतो, म्हणून कानाच्या तपासण्या आणि एमआरआय सहसा ठीकच येतात. सरळरेघ, तपासण्या ठीक येणं हा या आजाराचा भाग आहे, तो नसल्याचा पुरावा नव्हे.

दर्यावर्दी, बोटफेरी नको. तुमच्या सहकाऱ्याला जहाजावर बरं वाटलं ते याच कारणाने. पण उतरल्यावर पुन्हा सगळं उसळून येऊ शकतं. निळाई, रोजच्या गाडीच्या फेऱ्यांबद्दलही मला हेच सांगायचं आहे. तो अर्धा तास सुखाचा वाटतो हे समजतं, पण मेंदूला जो ठेका विसरायचा आहे तोच आपण त्याला पुन्हा ऐकवत राहतो. गरजेपुरती गाडी ठीक, दिलाशासाठी नको.

दोन प्रश्न. डुलणं कुठल्या दिशेचं आहे: पुढे-मागे, डावी-उजवीकडे की वर-खाली? आणि मिनिटाला किती हेलकावे? घड्याळ लावून मोजा.

निळाई
कर्णपथ, मी हे तीनदा वाचलं. नवऱ्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. “वजाबाकी” शब्दाशी तो थांबला आणि म्हणाला, म्हणजे तू खरंच डुलतेयस. १९ दिवसांत त्याने माझ्यावर अविश्वास दाखवला नव्हता, पण त्याला कळलंही नव्हतं. आज कळलं.

गाडीच्या फेऱ्या बंद करणं जड जाणार आहे. दिवसभरात तेवढीच एक वेळ असते. तरी करते.

मोजलं. पुढे-मागे, मिनिटाला ११ ते १३. तीनदा मोजलं, दर वेळी तेवढेच. इतकं नियमित असेल असं वाटलं नव्हतं.

कर्णपथ
मिनिटाला १२ म्हणजे पाच सेकंदांना एक. या आजारात याच्या आसपासचाच ठेका वारंवार सापडतो. समुद्रावर सर्वात जास्त मळमळ आणणाऱ्या संथ हालचालीही साधारण याच टप्प्यातल्या. आकडा लिहून ठेवा, तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल.

शेवंती
निळाई, मला हे आहे. चार वर्षं झाली.

पहिल्यांदा एका रात्रीच्या जहाजप्रवासानंतर आलं आणि पाच महिन्यांनी एका सकाळी नव्हतंच. इतकं पूर्ण गेलं की मी ते विसरून गेले. नंतर एका लांबलचक विमानप्रवासातून उतरले आणि सामानाच्या पट्ट्याजवळ उभी असताना ओळखीची लाट पायाखालून गेली. त्या क्षणाची आठवण अजून नकोशी वाटते. ते मात्र गेलं नाही.

तुम्हाला काही गोष्टी आधी सांगून ठेवते. मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या, एकेक करून शोधाव्या लागल्या.

एका जागी स्थिर उभं राहणं सर्वात वाईट. रांगेत उभं राहायचं असेल तर खांदा भिंतीला टेकवा, शरीराला एक पक्का आधार कळला की हेलकावा निम्म्यावर येतो. चालत असताना बरं वाटतं, म्हणून फोनवर बोलताना मी फेऱ्या मारते. पट्ट्यापट्ट्यांच्या फरश्या, ट्यूबलाइटने झगझगणारी मोठी दालनं आणि मोबाइलवर भराभर सरकवत जायचा मजकूर, या तिन्हींनी वाढतं. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी हमखास. पाळीच्या आधीचे चार दिवसही. एका वहीत रोज शून्य ते दहा असा आकडा लिहीत गेले तेव्हा हे सगळं दिसायला लागलं. वही नसती तर मला वाटत राहिलं असतं की हे लहरीप्रमाणे येतं-जातं.

लोक ज्याबद्दल बोलत नाहीत ते म्हणजे डोक्यातलं धुकं. वाक्य अर्ध्यावर सुटतं, ओळखीचा शब्द सापडत नाही. तोल सांभाळण्यातच मेंदूची इतकी ताकद जाते की बाकीच्याला थोडी उरते, असं मी स्वतःला समजावते. पहिल्या वर्षी याच कारणाने नोकरी सोडायची वेळ आली होती. वरिष्ठांना खरं काय ते सांगितलं, त्यांनी बसायची जागा बदलून दिली, लखलखणारा दिवा काढला. त्याने खरंच फरक पडला.

दुसऱ्या वर्षी मी पट्ट्यांचा उपचार घेतला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मिंगजिया दाइ आणि बर्नार्ड कोहेन यांनी तो काढला. २०१४ साली त्यांनी २४ रुग्णांचे निष्कर्ष छापले, त्यांतल्या १७ जणांना चांगला गुण आला होता. त्यांचं म्हणणं असं की डोकं हललं तरी नजर स्थिर ठेवणारी जी प्रतिक्षिप्त क्रिया असते तिला प्रवासात चुकीची सवय लागते. ती सवय पुन्हा शिकवून मोडायची.

आधी मला डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावली आणि शरीर कुठल्या बाजूला वळतं ते पाहिलं. त्यावरून पट्टे कुठे सरकवायचे ते ठरलं. मग अंधाऱ्या खोलीत भिंतभर उभे प्रकाशपट्टे संथपणे एका बाजूला सरकत होते आणि माझं डोकं कुणीतरी दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे कलवत होतं, माझ्या हेलकाव्याच्याच ठेक्यात. काही मिनिटं झाली की थांबून विचारायचे, आता किती? असे पाच दिवस. तिसऱ्या दिवशी मी सातावरून दोनावर आले. खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि जमीन जमिनीसारखी होती.

मग सात तासांचा प्रवास करून घरी आले आणि निम्मं परत आलं. याचाच मला सर्वात जास्त राग आला होता. उपचार घेणाऱ्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते: उपचाराचं ठिकाण दूर, आणि परतीचा प्रवास म्हणजे पुन्हा तेच वाहन. शक्य असेल तर उपचारानंतर चार दिवस तिथेच राहा, परतताना मधे मुक्काम करा.

आज माझा आकडा दोन-तीन असतो. वाईट दिवशी पाच. काम करते, चालायला जाते. हे वाचून घाबरू नका. १९व्या दिवशी तुम्हाला नाव कळलं, मला १४ महिने लागले होते.

भिंगरी
शेवंती, इतकं मोकळेपणाने लिहिलंत. मनापासून आभार.

पाऊलवाट
प्रवासात घ्यायच्या उलटीच्या गोळ्या चालतील का? माझ्याकडे मेक्लिझिन असतंच नेहमी.

कर्णपथ
नाही. मेक्लिझिन किंवा स्कोपोलामिन बोट लागू नये म्हणून काम करतात, उतरल्यानंतरच्या डुलण्यावर त्यांचा उपयोग होत नाही. वर सुस्ती येते. चकरांच्या अशा गोळ्या आठवडेच्या आठवडे घेत राहिलं तर मेंदूचं जुळवून घेणंच मंदावतं. काही जणांना क्लोनाझेपामच्या लहान मात्रेने किंवा अर्धशिशी आणि नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही औषधांनी, उदाहरणार्थ व्हेनलाफॅक्सिनने, आराम पडतो. पण क्लोनाझेपामची सवय लागते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, कुणाच्या कपाटातलं नाही.

आणि आंतरजालावर सरकत्या पट्ट्यांचे व्हिडिओ सापडतात, ते पाहून घरी प्रयोग करू नका. दिशा आणि वेग माणसागणिक ठरवावे लागतात. शेवंतीला आधी पावलं टाकायला लावली ती त्यासाठीच.

सरळरेघ
निळाई, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. तुम्ही जिन्यात बसून रडलात हे वाचूनही मी तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत म्हटलं. माफ करा. श्वासाचे व्यायाम झोपेसाठी उपयोगी पडतील असं अजूनही वाटतं, पण कारण म्हणून नव्हे.

निळाई
सरळरेघ, माफी कसली. झोपेसाठी करते आहे, फायदा होतोय.

जुनी पानं
थोडं अवांतर, पण या धाग्याशी नातं असलेलं. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे वैद्य होते. अठराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या त्यांच्या “झूनोमिया” या ग्रंथात ही अवस्था नोंदलेली आहे. बराच काळ पाण्यावर राहून परतलेल्यांना अर्धवट झोपेत खोली किंवा तिच्यातलं सामान जहाजासारखं झुलताना भासतं, असा त्याचा आशय. शिडाच्या जहाजांच्या काळातले लोकही हे घरी घेऊन येत होते.

मराठीत “बोट लागणं” आहे, “गाडी लागणं” आहे. निळाईंनी शीर्षकात लिहिलेलं “जमीन लागणं” मी पहिल्यांदाच वाचलं, आणि एका झटक्यात काय ते कळलं.

दर्यावर्दी
जहाजावर मी या शब्दाचा प्रसार करणार. आमच्याकडे याबद्दल कुणी बोलतच नाही, कारण दोन दिवसांत जातं. ज्याचं जात नाही तो आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून गप्प बसतो. तो सहकारी असाच गप्प बसला होता.

पाऊलवाट
कर्णपथ, एक शंका. प्रवास न करताही माझ्या आईला डुलल्यासारखं होतं. तेही हेच का?

कर्णपथ
प्रवासाशिवायही असं डुलणं सुरू होऊ शकतं, पण तेव्हा आधी बाकीच्या शक्यता तपासायला हव्यात. अंथरुणात कूस बदलल्यावर काही सेकंद खोली गरगर फिरत असेल तर कानातले कण जागचे सुटलेले असू शकतात आणि ते डोक्याच्या ठरावीक हालचालींनी जागेवर आणता येतात. ऐकू कमी येणं, कानात आवाज आणि तासन्‌तास गरगरणं एकत्र येत असेल तर वेगळा विचार. उभं राहिल्यावर आणि गर्दीत वाढणारं, तीन महिन्यांहून जुनं डगमगणं असेल, पण वाहनात बरं वाटत नसेल, तर आणखी वेगळा. आईंना विचारा, गाडीत काय होतं?

आणि हे सर्वांसाठी. अचानक तोल गेला आणि बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसताहेत, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, चालताच येत नाही किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, यांतलं काहीही असेल तर धागा वाचत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

निळाई
आज ४७वा दिवस, म्हणून लिहिते आहे.

चक्कर आणि तोल पाहणाऱ्या तज्ज्ञांकडे जाऊन आले. कर्णपथ, तुम्ही सांगितलंत तसं पहिलंच वाक्य गाडीचं टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, सिग्नलला काय होतं? मला तिथेच रडू येणार होतं. वही पुढे केली. त्यांनी निदान हेच केलं. महिना उलटून गेलाय, त्यामुळे आता हे टिकून राहिलेल्या प्रकारात मोडतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरायची आशा आहे असंही म्हणाले, कारण आकडा खाली येतोय. औषध तूर्त नाही.

गाडी बंद केल्यावरचा पहिला आठवडा फार वाईट गेला. आकडा आठ होता. त्या दिवसांत मी शेवंतींना दोनदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, दोन्ही वेळा तासाभरात उत्तर आलं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी पाऊण तास चालते. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा पाचाच्या खाली आला. सध्या तीन-चार.

परवा सकाळी दात घासताना लक्षात आलं की माझे डोळे मिटलेले आहेत आणि हात भिंतीवर नाही. किती वेळ तसं होतं कुणास ठाऊक. लक्षात आलं आणि पुन्हा सुरू झालं, पण मधे काही वेळ ते नव्हतं.

शेवंती
वहीत लिहिलंत ना? तारखेसकट लिहा.

निळाई
लिहिलं. वेळेसकट.

लाटेपल्याड
नमस्कार, शोधताना हा धागा सापडला आणि सदस्य झाले. मी जहाजावरून उतरून आज नववा दिवस. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं. घरात कुणाला सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी आमचा पुन्हा बोटीने जायचा बेत आहे. बोटीत बरं वाटेल म्हणून जावंसं वाटतंय.

निळाई
लाटेपल्याड, रविवारचं सध्या पुढे ढकला. वर कर्णपथ यांचा पहिला प्रतिसाद आहे, त्यातला बोटफेरीबद्दलचा भाग वाचा. आज रात्री घरात कुणाला तरी सांगा, हवं तर हा धागाच वाचायला द्या. आणि मला दोन गोष्टी कळवा: डुलणं कुठल्या दिशेचं आहे, आणि मिनिटाला किती?